मतदानयोग्य वयाची लोकसंख्या : फ्लोरिडातील काउंट्या

एखाद्या प्रदेशात राहणाऱ्या, वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेल्या सर्व व्यक्तींच्या संख्येस त्या प्रदेशाची मतदानयोग्य वयाची लोकसंख्या म्हणतात. अमेरिकेत ही वयोमर्यादा १९७१ मधील २६ व्या घटनादुरुस्तीने ठरली. ही संख्या म्हणजे मतदारसंख्या नव्हे, कारण तिच्यात नागरिक नसलेले रहिवासी आणि कैदीही मोजलेले असतात. एकाच राज्यातल्या दोन काउंट्यांत (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा) या संख्येचे एकूण लोकसंख्येशी प्रमाण किती वेगळे असू शकते, हे फ्लोरिडाच्या ६७ काउंट्यांत ठळकपणे दिसते.

सम्टर काउंटी हे त्याचे एक टोक. 'द व्हिलेजेस' या निवृत्तांच्या विस्तीर्ण वसाहतीचा मोठा भाग येथे असल्याने काउंटीची लोकसंख्या २०१० मधील ९३,४२० वरून २०२० मध्ये १,२९,७५२ वर गेली; तरीही तीत अठरा वर्षांखालील मुले दहा टक्क्यांहूनही कमी आहेत आणि निम्म्याहून अधिक रहिवाशांनी पासष्टी ओलांडली आहे. वसाहतीच्या बहुतेक भागांत १९ वर्षांखालील कोणालाही कायमचे राहता येत नाही. आजी-आजोबांकडे आलेल्या नातवंडांच्या मुक्कामालाही वर्षाकाठी तीस दिवसांची मर्यादा आहे. हिशेबातून मुले अशी नियमानेच वगळली गेल्यावर जवळजवळ सारी लोकसंख्या मतदानयोग्य वयाची निघते, यात नवल नाही.

ऊस आणि संत्र्यांच्या हेंड्री काउंटीत चित्र उलटे आहे. शेतमजुरांची तरुण कुटुंबे येथे राहतात, त्यामुळे साधारण चौथा हिस्सा मुलांचा आहे आणि प्रौढांपैकीही अनेकजण नागरिक नाहीत. नागरिकत्वाचा हाच प्रश्न मायामी-डेडमध्ये फार मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. तेथील मतदानाची टक्केवारी मतदानयोग्य वयाच्या लोकसंख्येवर काढली, तर लोक मतदानाबाबत उदासीन आहेत असा चुकीचा समज होतो. म्हणून काउंट्यांची तुलना करताना मतदानयोग्य वयाच्या नागरिकांचा वेगळा आकडा वापरणेच रास्त ठरते.

युनियन ही छोटी काउंटी आणखी वेगळी आहे. रेफर्ड आणि लेक बटलर येथील तुरुंगांतले कैदी जनगणनेत तिचे रहिवासी धरले जातात. त्यामुळे तिथली प्रौढांची संख्या फुगते, पण शिक्षा भोगत असलेल्या या माणसांना मत देता येत नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून, खून आणि लैंगिक गुन्हे वगळता, गंभीर गुन्ह्याची शिक्षा पूर्ण केलेल्यांना मताधिकार परत दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने त्यासाठी दंड व न्यायालयीन शुल्क फेडण्याची अट घातली.

मतदारसंघ आखताना मात्र एकूण लोकसंख्या समान ठेवण्याचा प्रघात आहे. राज्यांना तसे करता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधील एका खटल्यात २०१६ मध्ये दिला. फक्त पात्र मतदार मोजून आखणी करता येईल का, हा प्रश्न त्याने खुला ठेवला. त्यामुळे हेंड्रीतली शाळकरी मुले आणि नागरिक नसलेले मजूर मत देत नसले, तरी प्रतिनिधित्वाच्या हिशेबात सम्टरमधल्या निवृत्तांइतकेच मोजले जातात.