भीतीचे शब्द आणि धोक्याचे अंतर

इंग्रजीतील भीतीवाचक शब्द बहुधा चढत्या क्रमाने शिकवले जातात: आधी अफ्रेड, मग फ्राइटन्ड आणि सर्वांत वर टेरिफाइड. ही उतरंड पाठांतराला सोयीची असली, तरी तिच्यातून या शब्दांचा स्वभाव पुरता कळत नाही. माझ्या मते, भीती किती मोठी आहे यापेक्षा धोका किती जवळ आला आहे आणि शरीर त्याला कसे तोंड देत आहे, हे यांतले बरेच शब्द सांगतात. मेंदूविज्ञानातील संशोधनाशी ते ताडून पाहिले की त्यांच्यातील फरक चांगलेच लक्षात राहतात.

धोका दूर असतो किंवा तो येईल की नाही याचीच खात्री नसते, तेव्हा अँग्झायटी हा शब्द येतो. आवळणे, गळा दाबणे असा अर्थ असलेल्या लॅटिन धातूपासून तो आला आहे आणि चिंतेत छाती आवळल्यासारखी होते, हा अनुभव त्यात टिकून आहे. नकोशी गोष्ट येणार हे जवळपास ठरलेले असून माणूस तिची वाट पाहत असतो, तेव्हा ड्रेड अधिक नेमका ठरतो. फिअर मात्र सहसा कशाची तरी असते. तिला समोर एखादी वस्तू, प्राणी किंवा प्रसंग लागतो.

अंतराची ही गोष्ट प्रयोगातही दिसली आहे. डीन मॉब्ज आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेंदूचे स्कॅनिंग चालू असताना सहभागी व्यक्ती पडद्यावरच्या चक्रव्यूहात एका आभासी शिकाऱ्यापासून पळत होत्या, आणि पकडले गेल्यास त्यांना विजेचा सौम्य पण वेदनादायक झटका बसण्याची शक्यता होती. शिकारी दूर असताना मेंदूच्या पुढच्या, विचार आणि नियोजनाशी संबंधित भागात हालचाल जास्त होती. तो जवळ येऊ लागला तशी ती मध्यमेंदूतील पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे या भागाकडे सरकली. पळणे, झुंजणे, जागीच थिजणे अशा तातडीच्या प्रतिक्रिया घडवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो.

यांपैकी थिजण्यासाठी इंग्रजीत पेट्रिफाइड हा शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ दगड झालेला. अनेक प्राण्यांत थिजताना हृदयाची गती वाढण्याऐवजी मंदावते आणि शरीर निश्चल असूनही लक्ष मात्र धोक्यावर खिळलेले राहते. हॉरर या शब्दाच्या मुळाशी अंगावरचे केस ताठ उभे राहणे आहे. आजच्या वापरात हा शब्द बऱ्याचदा साक्षीदाराचा असतो, कारण धोका स्वतःला नसला तरी भीषण दृश्य पाहून हॉरर वाटू शकतो.

स्टार्टल म्हणजे दचकणे. ते इतके झटपट घडते की त्याला भीती म्हणावे का, हाच प्रश्न पडतो. चार्ल्स डार्विन यांनी प्राणिसंग्रहालयात पफ अ‍ॅडर या विषारी सापासमोर जाड काचेला चेहरा टेकवला आणि साप झेपावला तरी मागे सरायचे नाही असा पक्का निश्चय केला. सापाने झेप घेताच ते झटक्यात एक-दोन यार्ड मागे उडाले. काच सुरक्षित आहे हे त्यांना ठाऊक होते. पण मोठ्या आवाजाला किंवा अंगावर येणाऱ्या वस्तूला शरीर प्रतिसाद देते, तेव्हा अशा ज्ञानाची वाट पाहिली जात नाही.

पॅनिकची कथा सर्वांत विलक्षण आहे. निर्जन रानात माणसांना आणि कळपांना एकाएकी सैरभैर करणाऱ्या पॅन या ग्रीक देवावरून हा शब्द पडला. एस. एम. या आद्याक्षरांनी संशोधनात ओळखल्या जाणाऱ्या एका महिलेच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचे अमिग्डाला हे, धोका ओळखण्यात मोठा वाटा असलेले भाग दुर्मीळ आजाराने नष्ट झाले होते. तिला साप हातात घेताना भीती वाटली नाही, भयगृहात फिरतानाही नाही. मात्र 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा श्वासातून घेताच तिला पॅनिकचा झटका आला, आणि तशीच हानी झालेल्या आणखी दोघींनाही आला. बाहेरचा धोका ओळखण्याचा मार्ग बंद असूनही शरीराच्या आतून उठलेली गुदमरण्याची सूचना मेंदूपर्यंत पोहोचली होती.

वापराचे काही बारकावेही जपायला हवेत. अफ्रेड हे विशेषण सहसा नामाच्या आधी येत नाही, म्हणून ‘अफ्रेड चाइल्ड’ चुकीचे आणि ‘फ्राइटन्ड चाइल्ड’ बरोबर. ‘अफ्रेड ऑफ’नंतर ज्याची भीती वाटते ते येते, तर ‘अफ्रेड फॉर’नंतर ज्याच्या काळजीने जीव धास्तावतो तो. ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ ही नकार किंवा वाईट बातमी सौम्यपणे सांगण्याचीही रीत आहे, आणि तेव्हा तिच्यात भीती नसते. फोबिया या पदाबाबत तर विशेष सावध राहावे. निदानात तो दीर्घकाळ टिकणारा, धोक्याच्या मानाने अवाजवी आणि जगणे अडवणारा भयविकार असतो. उलट फोटोफोबियात प्रकाशाची भीती नसून प्रकाश डोळ्यांना सहन होत नाही.

शास्त्रज्ञांमध्येही फिअर या शब्दावरून गंभीर वाद आहे. अमिग्डालावर दीर्घकाळ काम करणारे जोसेफ लेडू यांचा आग्रह असा, की हा शब्द जाणिवेतील अनुभवासाठीच राखून ठेवावा आणि उंदराच्या थिजण्याला बचावाची प्रतिक्रिया म्हणावे. इतर अनेक संशोधकांना ही फारकत मान्य नाही. मला लेडू यांचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण चिंतेवरील औषधांची पहिली पारख बहुधा प्राण्यांच्या वर्तनावरून होते. औषधाने उंदराचे थिजणे कमी झाले, तरी माणसाला आतून जाणवणारी भीती तेवढीच ओसरेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.