हीथवरचे तीन साप आणि त्यांची मोजदाद

दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट आणि हॅम्पशरची हीथ म्हणजे निकस, आम्लधर्मी वाळूवरचं माळरान, हीदर आणि काटेरी गॉर्सच्या झुडपांचं. ब्रिटनचे तिन्ही देशी साप तिथे सापडतात. ॲडर विषारी, आपल्या घोणसाच्या कुळातला. ग्रास स्नेक बेडूक खाणारा, पाण्याच्या आसपास राहणारा. नावावरून आपला गवत्या समजू नये, गोत पाणदिवड-गवत्याचंच असलं तरी जात वेगळी. तिसरा स्मूथ स्नेक, दीड-दोन फुटांचा, बिनविषारी, सरड्यांवर जगणारा.

यांतला कोणता किती, याची जुनी उत्तरं फारशी भरवशाची नाहीत. स्मूथ स्नेक ब्रिटनमध्ये आहे हेच मुळी १८५० च्या दशकात उमगलं. तोवर दिसला तरी तो ॲडर म्हणूनच खपत असणार. हॅम्पशरच्या न्यू फॉरेस्ट रानात साप धरून पोट भरणारा 'ब्रशर' मिल्स (मृत्यू १९०५) याने तीस हजारांवर ग्रास स्नेक आणि चारेक हजार ॲडर धरले, असं सांगतात. आकडे खरे मानले तरी ते त्याच्या हाती लागलेल्या सापांचे, रानात असलेल्यांचे नव्हेत.

दरम्यान जमीनच आटत गेली. डॉर्सेटमध्ये १८११ च्या सुमारास जवळपास ३०,००० हेक्टर हीथ होती, १९६० पर्यंत १०,००० उरली. काही नांगराखाली गेली, काहीवर पाइन लावले, काही बोर्नमथ शहराने गिळली. उरली तीही तुकड्या-तुकड्यांत. एका तुकड्यातले साप वणव्यात मेले, तर मधले रस्ते-शेतं ओलांडून नवे सहसा येत नाहीत.

पद्धतशीर मोजणी आली ती पत्र्यांमुळे. १९९७ मध्ये सुचवलेल्या एका पद्धतीत ७६ × ६५ सेंटिमीटरचे ३७ पन्हाळी पत्रे षटकोनात, एकमेकांपासून दहा मीटरवर मांडतात. ऊब शोधत साप खाली शिरतात. कडक उन्हात पत्रा तापला की मात्र खाली कुणी थांबत नाही, म्हणून फेरी सकाळी किंवा ढगाळ हवेत. पत्रा पलीकडच्या कडेने आपल्याकडे उचलायचा, म्हणजे ॲडर निघालाच तर पत्रा मध्ये राहतो. मोजून झाल्यावर पत्रा आधी टेकवायचा आणि धरलेला साप कडेला सोडायचा. उलट केलं तर तो चिरडतो.

खरी गोम इथे आहे. स्मूथ स्नेक उघड्यावर क्वचितच दिसतो, पत्र्याखाली बरा सापडतो. ॲडरचे नर फेब्रुवारी-मार्चमध्ये शीतनिद्रेतून उठून उघड्यावर ऊन खात पडतात. त्यामुळे वसंतात पायी फिरून मोजलं तर ॲडर भरपूर, उन्हाळ्यात पत्रे उचलले तर स्मूथ स्नेक पुढे, आणि दूरदूर भटकणारा ग्रास स्नेक दोन्हीकडे कमीच. शिवाय एकच साप चार फेऱ्यांत चारदा मोजला जातो. म्हणून ॲडरच्या डोक्यावरच्या आणि ग्रास स्नेकच्या पोटावरच्या खुणांचे फोटो ठेवतात. स्मूथ स्नेकच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवता येते, पण १९८१ च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला हात लावायलाही परवाना लागतो.