एपीआरएस : आधी रेडिओ, मग इंटरनेट

पडद्यावर जगाचा नकाशा असतो. त्यावर मोटारी, होड्या, फुगे आणि हवामान केंद्रांची चिन्हं सरकत असतात आणि प्रत्येकाशेजारी एक कॉलसाइन, म्हणजे रेडिओ स्टेशनचं ओळखचिन्ह, दिसतो. बहुतेकांना एपीआरएस, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची स्थान आणि निरोप कळवण्याची व्यवस्था, पहिल्यांदा भेटते ती अशी, आणि हे सगळं इंटरनेटवरच चालतं या गैरसमजाची सुरुवातही तिथूनच होते. या व्यवस्थेत इंटरनेट बरंच उशिरा आलं.

मुळाशी आहेत अमेरिकी नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा, कॉलसाइन डब्ल्यूबी४एपीआर. नौदलाकडून येणाऱ्या स्थाननोंदी नकाशावर मांडणारा प्रोग्रॅम त्यांनी १९८२ मध्ये ॲपल टू संगणकावर लिहिला. दोन वर्षांनी शंभर मैलांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेसाठी त्याचीच पुढची आवृत्ती कमोडोरच्या व्हिक-२० वर चालली. तेव्हा हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओचालकांच्या, हाती जीपीएस नव्हतं. कोण कुठे आहे, हे माणसंच टाइप करून कळवत.

हौशी पॅकेट रेडिओ, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे (पॅकेट) रेडिओवरून पाठवण्याचा प्रकार, त्याआधीपासून होता. १९७८ मध्ये माँट्रियलच्या हॅमनी त्याचे पहिले प्रयोग केले. पण पॅकेटची रूढ रीत फोनसारखी होती : दोन स्टेशनं एकमेकांशी जोडली जायची आणि प्रत्येक पॅकेटची पोच द्यायची. ब्रुनिंगांनी ही जोडणीच काढून टाकली. एकाने बोलायचं, बाकी सगळ्यांनी ऐकायचं, पोच कुणी द्यायची नाही. एखादं पॅकेट हुकलं तर हुकलं, थोड्या वेळाने पुढचं येईलच. १२०० बॉडच्या (सेकंदाला १२०० बिट) कुरकुरत्या आवाजात एक नोंद साधारण सेकंदाभरात उरकते. उंचावरचा डिजिपीटर ती ऐकून पुन्हा प्रक्षेपित करतो आणि पॅकेटवर लिहिलेल्या उड्यांमधली, म्हणजे ते किती वेळा पुढे पाठवायचं त्या संख्येतली, एक वजा करतो.

१९९० च्या दशकात जीपीएस परवडू लागलं आणि ‘ऑटोमॅटिक ... रिपोर्टिंग सिस्टिम’ या नावातला ‘पी’ ‘पोझिशन’चा झाला. पुढे ब्रुनिंगांनी तो ‘पॅकेट’चा केला, आणि हा बदल वरवरचा नव्हता. हे गाड्यांचा माग काढण्याचं साधन नाही, असं ते शेवटपर्यंत बजावत राहिले. परिसरात काय चाललंय, कुणाला निरोप द्यायचाय, वादळ कुठे आहे, हे सगळं त्यांना त्या एका वारंवारितेवर हवं होतं.

रेडिओची मजल मात्र डोंगरापाशी संपते. त्यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टीव्ह डिम्से (के४एचजी) यांच्या पुढाकाराने एपीआरएस-आयएस हे सर्व्हरांचं जाळं उभं राहिलं. त्याचं दार म्हणजे आयगेट : एक रेडिओ, एक मोडेम, एक संगणक आणि नेटची जोडणी. आयगेट ऐकलेल्या पॅकेटवर स्वतःचा कॉलसाइन जोडून ते सर्व्हरकडे देतो. तेच पॅकेट चार दारांतून आलं, तर सर्व्हर पहिलं ठेवतो आणि उरलेली टाकून देतो.

खरी कसरत उलट दिशेची आहे. जगभरचा सगळा मजकूर १२०० बॉडच्या वाहिनीत ओतला, तर ती क्षणात गुदमरेल. म्हणून आयगेट सहसा फक्त निरोप परत हवेत सोडतो, तेही ज्याच्यासाठी निरोप आहे ते स्टेशन नुकतंच जवळपास ऐकू आलं असेल तरच. सर्व्हरवर लिहिण्यासाठी लागणारा पासकोड कॉलसाइनवरूनच एका सूत्राने निघतो. त्याला कुलूप म्हणणं जरा धाडसाचंच. फार तर ‘परवानाधारकांसाठी’ अशी पाटी म्हणा. तसंही हॅमच्या पट्ट्यांवर मजकूर सांकेतिक करून लपवायला मनाई असते, त्यामुळे इथलं सगळं उघडंच.

पुढे संगणकाला लावायचे स्वस्त एसडीआर डोंगल (सॉफ्टवेअरवर चालणारे, फक्त ऐकणारे छोटे रेडिओ) आले आणि नुसते ऐकणारे आयगेट वाढले. नकाशे भरले, पण माझ्या मते व्यवस्था तेवढ्या प्रमाणात सुधारली नाही. जवळ फक्त असाच आयगेट असेल, तर तुमचा ठिपका जगाला दिसतो, पण तुम्हाला पाठवलेला निरोप दारापाशीच अडतो.

ब्रुनिंगा २०२२ मध्ये गेले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून १४५.८२५ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या डिजिपीटरची पद्धत मात्र त्यांचीच आहे. हातातल्या वॉकीटॉकीवरून पाठवलेलं पॅकेट स्थानक पुन्हा प्रक्षेपित करतं, खाली एकाच वेळी अनेक देशांतले आयगेट ते ऐकतात, आणि ज्याची नेटजोडणी जलद, त्याचा कॉलसाइन त्या नोंदीला चिकटतो.