ओरखडा काढायचा म्हणजे नेमकं काय काढायचं?

गगनबावड्याच्या रस्त्यावर करवंदीच्या जाळीला घासून मित्राच्या कॅरॅव्हॅनच्या खिडकीवर पांढऱ्या रेघा उठल्या. पुढे लिंबू-मिरची टांगलेली होती, पण तिने काटे अडवले नाहीत. "काय न्हाई भावा, व्हिडिओत बघितलंय," म्हणत त्यानं खोबरेल तेल चोळलं. रेघा गायब! गाडी धुतली आणि पुन्हा हजर.

ही खिडकी काचेची नव्हे, ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची. वजनाला काचेच्या निम्मी, पण अंगानं मऊ. मग रंगच नसलेल्या वस्तूवरची रेघ पांढरी का? खडीसाखर मिक्सरला लावून बघा, पांढरीशुभ्र होते. साखर तीच, कडा वाढल्या. प्रत्येक कडेवर प्रकाश वेगळ्या दिशेला फेकला जातो. सगळे रंग सारखेच विखुरले की डोळ्याला पांढरं दिसतं.

आता तेलाची गंमत. अपवर्तनांक म्हणजे प्रकाश एखाद्या पदार्थात शिरताना किती वळतो याचा आकडा. हवेचा १, ॲक्रिलिकचा १.४९, खोबरेल तेलाचा साधारण १.४५. सरळ पडणाऱ्या प्रकाशातला किती परततो ते काढायला दोन अंकांच्या वजाबाकीला बेरजेनं भागायचं आणि वर्ग करायचा. हवा-ॲक्रिलिक: (०.४९/२.४९)², म्हणजे जवळपास ४ टक्के. तेल-ॲक्रिलिक: (०.०४/२.९४)², म्हणजे ०.०२ टक्के. दोनशेपट कमी! चर तिथंच असतो, प्रकाशाला तो जाणवत नाही एवढंच.

खरं तर ओरखडा काढता येतच नाही; आजूबाजूचं ॲक्रिलिक त्याच्या तळापर्यंत उतरवावं लागतं. ८००, १२००, २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर; नंबर मोठा तितका बारीक), भरपूर पाणी. प्रत्येक पेपर आधीच्या रेघा पुसून स्वतःच्या बारीक रेघा ठेवतो. २००० नंबरचा कण सुमारे १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. म्हणून एवढं घासूनही खिडकी धुरकटच राहते. शेवटी ॲक्रिलिकचं पॉलिश लागतं, रेघा तरंगलांबीहून बारीक होईपर्यंत. हुपरीच्या चांदी कारागिराला हे सांगावं लागणार नाही. टूथपेस्टमध्येही घासणारे बारीक कण असतात, पण नख अडकेल अशा रेघेपुढं तिचं काही चालत नाही.

थिनर मात्र लावू नका, ॲक्रिलिक तडकतं. बफिंग मशीनही हलक्या हातानं. शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि उष्णता पटकन पसरत नाही. आणि घासायचं ते ऐसपैस. एकाच जागी खड्डा पडला की त्याचं भिंग होतं.

मित्रानं एकाच जागी जोर काढला. रेघ गेली. आता त्या खिडकीतून पन्हाळ्याचा तीन दरवाजा जरा वाकडा दिसतो.