जागेवर जुनी लाईट बिलाची थकबाकी निघाली तर भाडेकरूने नेमकं किती भरायचं

"मी ही वीज वापरलीच नाही" एवढंच लिहून वीज कंपनीला अर्ज देऊ नका, तो परत येणार. ऐकायला कारण एकदम रास्त आहे, पण महाराष्ट्रात नियम असा आहे की आधीच्या मालकाने किंवा भाडेकरूने न भरलेलं बिल त्या जागेवर बोजा म्हणून राहतं आणि नंतर येणाऱ्याकडून वसूल करता येतं. वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेत, विनियम १२.५ मध्ये, हे लिहिलेलं आहे. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की नियमात तशी तरतूद असेल तर कंपनी जुनी बाकी भरल्याशिवाय नवीन कनेक्शन नाकारू शकते. त्यामुळे त्या मुद्द्यावर काउंटरला भांडून काही हाती लागत नाही.

मात्र त्याच विनियमात पुढे एक ओळ आहे जी तुम्हाला कुणी आपणहून वाचून दाखवणार नाही. वारसाच्या नावावर कनेक्शन जात असेल तो भाग वेगळा, पण बाकी कुठल्याही नव्या मालकावर किंवा भाडेकरूवर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या बिलाचीच जबाबदारी येते. उरलेली रक्कम कंपनीने जुन्या ग्राहकाकडून काढायची, त्यासाठी दिवाणी दावा लावायला त्यांना मोकळीक आहे.

आता या सहा महिन्यांचा लोक काय काय अर्थ काढतात बघा. कुणी म्हणतं सहा महिने थांबलं की बाकी आपोआप जाते, कुणी म्हणतं जागेत येऊन सहा महिने झाले की विषय संपला. दोन्ही चूक. समजा एका गाळ्याचा मीटर २०२१ ला पीडी झाला म्हणजे कायमचा तोडला, आणि त्याआधी चौदा महिने बिल भरलेलंच नव्हतं, तर आज तुम्ही तिथे भाड्याने आलात तरी हिशोब त्या चौदातल्या सहा महिन्यांचाच करायचा. मधली वर्षं जागा बंद होती, तिथे वीज वापरलीच गेली नाही, तर त्या वर्षांत चढत गेलेलं व्याज धरून जो एकूण आकडा स्क्रीनवर दिसतो तो जसाच्या तसा तुमच्या माथी मारायचा प्रश्न येत नाही.

दोन वर्षांचाही असाच गोंधळ आहे. वीज कायदा २००३ चं कलम ५६(२) म्हणतं की दोन वर्षांपूर्वीची रक्कम वसूल करता येत नाही, लोक इथपर्यंतच वाचतात. ती रक्कम दर बिलात सलग थकबाकी म्हणून दाखवत आणलेली असेल तर हे कलम उपयोगाचं नाही.

खरी अडचण कागदाची. सहा महिन्यांची रक्कम काढायला महिनावार हिशोब लागतो, म्हणजे सीपीएल, ग्राहकाच्या खात्याचा उतारा. तो कुणाकडेच नसतो! मालकाकडे नसतो, एजंटला माहीतच नसतो, जुना भाडेकरू तर फोनच उचलत नाही. तो वीज कंपनीच्या ऑफिसातच मिळतो आणि तोंडी मागितला तर "साहेब जागेवर नाहीत". म्हणून लेखी अर्ज द्या, त्यात जुना ग्राहक क्रमांक टाका (महावितरणचा बारा आकडी असतो, बरोबर बिलिंग युनिटचा चार आकडी नंबरही लागतो), आणि दोन गोष्टी मागा: सीपीएलचा उतारा आणि विनियम १२.५ प्रमाणे माझ्याकडून देय असलेली रक्कम. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका. शिक्का नाही तर अर्ज नाही, एवढं साधं आहे.

आणि कृपा करून लेखी आकडा हातात येईपर्यंत ऑनलाइन काही भरू नका. जुन्या ग्राहक क्रमांकावर तुम्ही सहा महिन्यांचे म्हणून पैसे टाकलेत तरी खात्याला ते एकूण थकबाकीतून वजा झालेले दिसतात, उरलेली बाकी तशीच उभी, आणि पुढच्या खेपेला टेबलावरचा माणूस म्हणतो अजून भरायचेत की. हे होताना बघून बघून कंटाळा आलाय. जुन्या ग्राहकाची सुरक्षा ठेव थकबाकीतून वजा केली का, तेही त्याच अर्जात विचारा.

आता ज्यात बहुतेक भाडेकरू फसतात ते. बिल कुणाच्या नावावर आहे? ते घरमालकाच्याच नावावर असेल आणि तोच आजही मालक असेल, तर कंपनीच्या दृष्टीने ग्राहक बदललेलाच नाही, आधी कोण राहून गेलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तिथे सहा महिन्यांची मर्यादा मागायला गेलात तर अर्ज फेटाळला जातो. ती बाकी पूर्ण मालकाची. मालक टाळाटाळ करत असेल आणि लाईट जायची वेळ आली असेल तर भरा, पण आधी मालकाकडून लेखी घ्या की ही रक्कम भाड्यातून किंवा डिपॉझिटमधून वळती होईल. व्हॉट्सअॅपवर "हो, वळती करू" एवढा मेसेज असला तरी पुढे कामाला येतो.

स्वतःच्या नावावर कनेक्शन घ्यायचं असेल तर मालकच लागतो असं नाही, वीज कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालक किंवा जागेचा ताबा असलेला असे दोघंही अर्ज करू शकतात. ओळखपत्र, भाडेकरार, मालकाची एनओसी, वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट, हे नेहमीचंच. करार नोंदणी केलेला हवा, नोटरी करून आणलेला कागद बऱ्याचदा परत पाठवतात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा "खर्च वाढतो" हे त्याचं रडगाणं ऐकून गप्प बसू नका.

चालू कनेक्शन तोडायची धमकी असेल तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. रकमेवर वाद असेल तर वीज कायद्याच्या कलम ५६(१) खाली निषेध नोंदवून पैसे भरता येतात, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या बिलांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यात जी कमी ती. तेवढी भरली की वाद मिटेपर्यंत लाईट तोडता येत नाही. हे सहा महिने वेगळे आणि वरचे १२.५ वाले वेगळे, दोन्ही एकाच अर्जात कालवू नका.

ऑफिसने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे, मुंबई किंवा नागपूर. मंचात वकील लावायची सक्ती नाही, शिक्क्याचा अर्ज, सीपीएल आणि करार असला की तुम्ही स्वतः बोलू शकता.

अजून जागा घेतली नसेल तर टोकन द्यायच्या आधी मालकाकडून ग्राहक क्रमांक मागून घ्या आणि चालू बिल ऑनलाइन बघा, दोन मिनिटांचं काम आहे. जागेवर मीटरच नसेल तर जुना क्रमांक विचारा, "कधी नव्हताच" असं उत्तर आलं तर शेजारच्या गाळेवाल्याला विचारा. करारात ताब्याच्या दिवशीचं रीडिंग आकड्यात लिहून घ्या आणि "या तारखेआधीची सर्व वीजबाकी मालक भरेल" ही ओळ टाका. कंपनी ती ओळ मानणार नाही, पण मालकाकडून पैसे परत मागताना तुमच्याकडे तोच कागद असेल.