काचगोलकांचे लोलक

पोकळ काचेच्या लहान गोलकात एखादी वस्तू ठेवून, त्याचे तोंड धातूच्या टोपीने बंद करून आणि टोपीच्या कडीत साखळी किंवा दोरी ओवून हाताने बनविलेला गळ्यातला दागिना. गोलकाचा व्यास साधारणपणे १२ ते ३० मिमी. असतो. भरीव काचमणी, तसेच चित्रावर काचेचा अर्धगोल चिकटवून केलेली पदके यांची गणनाही पुष्कळदा याच प्रकारात होते. प्रस्तुत नोंदीत मात्र पोकळ गोलकाचाच विचार केला आहे, कारण आतली जागा हेच या दागिन्याचे खरे वैशिष्ट्य होय.

उगम : या लोलकाची परंपरा दोन निरनिराळ्या दिशांनी मागे नेता येते. पहिला विचार स्फटिकाच्या गोळ्यांकडे बोट दाखवितो. फ्रँक या जर्मानिक लोकांचा राजा चिल्डेरिक (मृत्यू ४८१ किंवा ४८२) याच्या तूर्ने (आजच्या बेल्जियममध्ये) येथील थडग्यात १६५३ मध्ये स्फटिकाचा गोळा सापडला. पुढच्या काळातील स्त्रियांच्या काही दफनांत, विशेषतः इंग्लंडमधील केंट भागात, चांदीच्या पट्ट्यांच्या जाळीत अडकविलेले असे गोळे मिळाले आहेत. गोल, पारदर्शक आणि टांगलेला हे साम्य आकर्षक असले, तरी हे गोळे भरीव असून ते बहुधा गळ्यात नव्हे, तर कमरेपासून लोंबते बांधले जात. त्यामुळे त्यांना थेट पूर्वज मानणे कठीण जाते.

दुसरा विचार फुंकलेल्या काचेशी संबंध जोडतो व तो अधिक ग्राह्य वाटतो. जेरुसलेमच्या जुन्या शहरात झालेल्या उत्खननात, ज्यूडियाचा राजा हेरॉड याच्या काळातील रस्त्याखालच्या थरात, काचकामाचा टाकाऊ माल मिळाला. त्यात एक टोक बंद करून किंचित फुगविलेल्या काचनळ्या आहेत. त्यांचा काळ इ. स. पू. पहिल्या शतकाच्या मध्याच्या आसपास धरला जातो. लोखंडी फुंकनळी प्रचारात येण्यापूर्वी काचेचीच नळी फुंकली जात असावी, असे यावरून अनुमान निघते आणि लहान गोलक याच रीतीने सर्वांत सहज तयार होतो. आजही गोलक करणारा कारागीर ज्योतीवर नळीचे टोक मऊ करून, ती बोटांत सतत फिरवीत, तोंडाने हलकेच फुंकतो.

गोलकाच्या आतल्या बाजूचा शोभेसाठी उपयोग मात्र बराच उशिरा दिसतो. पॅरिसमधील जपमाळा बनविणारे जाकँ यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पातळ काचमण्यांना आतून माशांच्या खवल्यांच्या रुपेरी द्रवाचा लेप देऊन व आत मेण भरून कृत्रिम मोती केले. जर्मनीतील लाउशा येथे १५९७ मध्ये काचभट्टी स्थापन झाली होती. तेथे पुढे पोकळ मणी आणि एकोणिसाव्या शतकात आतून रुपेरी केलेले नाताळचे गोळे तयार होऊ लागले. गोलकाच्या तोंडाशी असलेल्या अरुंद मानेवर बसणारी धातूची टोपी आणि तिची कडी ही आजच्या लोलकातील जुळणी त्या गोळ्यांच्या फार जवळची आहे.

काच : सोडा-चुना काच स्वस्त व सहज मऊ होणारी असते, पण बोरोसिलिकेट काच तापमानातील बदल अधिक सोसते. कारण ती तापल्यावर कमी प्रसरण पावते : तिचा रेषीय प्रसरणांक (तापमान एक अंशाने वाढल्यास लांबीत होणाऱ्या वाढीचे प्रमाण) दर केल्व्हिनला सुमारे ३.३×१०⁻⁶, तर सोडा-चुना काचेचा सुमारे ९×१०⁻⁶ असतो. फुंकलेला गोलक भट्टीत सावकाश थंड करावा लागतो (अनुशीतन). तसे न केल्यास आत ताण राहतो आणि गोलक काही दिवसांनी, वरवर पाहता कारण नसताना, तडकू शकतो.

जुळणी : आत वाळलेली फुले, बिया, वाळू किंवा शिंपले भरतात. फुले सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या कणांत) पूर्ण वाळविणे आवश्यक असते. उरलेला ओलावा काचेवर आतून धुके धरतो व पाकळ्या तपकिरी पडतात. म्हाताऱ्यांसारखी हलकी बीजे चिमट्याने देठाशी धरून एकेक सोडावी लागतात, कारण मानेत चुरगळलेला तुरा आत पुन्हा पसरत नाही. टोपीची आतली बाजू बारीक पॉलिशकागदाने खरवडून अल्कोहोलने पुसतात आणि इपॉक्सी हे दोन भाग मिसळून वापरायचे चिकटद्रव्य लावतात. पाच मिनिटांत आवळणाऱ्या इपॉक्सीलाही पूर्ण बळकटी येण्यास साधारण एक दिवस लागतो. सायनोॲक्रिलेट हे चिकटद्रव्य झटपट चिकटते, परंतु त्याची वाफ बंद गोलकात अडकून काचेवर पांढरी साय धरते. हा दोष नंतर काढता येत नाही, म्हणून ते टाळलेलेच बरे. साखळी जोडताना कडी फाकवायची नसते. दोन पकडींनी तिची टोके एक पुढे, एक मागे अशी पिळून उघडतात व तशीच मिटवितात, म्हणजे तिचा गोल आकार बिघडत नाही.

द्रव भरल्यास थोडी हवा ठेवावी लागते, कारण उष्णतेने द्रव काचेपेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि टोपी उचकटतो. शिवाय पाण्याने भरलेला गोलक भिंगाचे काम करतो. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकविण्याच्या क्षमतेचे माप) सुमारे १.३३ असल्याने पातळ काचेच्या अशा गोलकाचे नाभीय अंतर (किरण जेथे एकवटतात तेथपर्यंतचे अंतर) केंद्रापासून जवळजवळ त्याच्या व्यासाइतके येते. म्हणजे २० मिमी. व्यासाच्या गोलकामागे, पृष्ठभागापासून सुमारे १० मिमी. अंतरावर, सूर्यप्रकाश एकवटतो. असा लोलक खिडकीत कापडापाशी किंवा कागदापाशी टांगून ठेवणे धोक्याचे असते.