अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करण्याआधी घरखर्चाचं अंदाजपत्रक: पात्रता, कागदपत्रं आणि कामाचा क्रम

क्रेडिट कार्डांची थकबाकी गळ्याशी आली, वसुलीवाल्यांचे फोन थांबेनासे झाले, की माणूस वकील गाठतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, ‘फी किती?’ माझं कळकळीचं सांगणं आहे, की त्याआधी आठ-दहा दिवस घरचा जमाखर्च मांडायला द्या. अमेरिकेत व्यक्तीच्या दिवाळखोरीचा अर्ज म्हणजे मोठ्या प्रमाणात एक अंदाजपत्रकच असतं. अर्जाला ‘शेड्यूल’ नावाची परिशिष्टं असतात: ‘शेड्यूल आय’मध्ये महिन्याचं उत्पन्न, ‘शेड्यूल जे’मध्ये महिन्याचा खर्च, आणि जेच्या शेवटी त्यांची वजाबाकी. तुमची केस सांभाळायला नेमलेला अधिकारी, म्हणजे ट्रस्टी, त्या वजाबाकीच्या आकड्यावर आधी नजर टाकतो. घाईघाईने अंदाजपंचे भरलेला हा एक आकडा चांगली केस अडचणीत आणू शकतो.

वाट कोणती, पात्र कोण

कुटुंबांसाठी मुख्य वाटा दोन, आणि त्यांची नावं दिवाळखोरी कायद्यातल्या प्रकरणांवरून (‘चॅप्टर’) पडली आहेत. चॅप्टर ७ मध्ये कायद्याने संरक्षण नसलेली मालमत्ता असेल तर ट्रस्टी ती विकून धनकोंना वाटतो, आणि बहुतेक असुरक्षित, म्हणजे तारण नसलेली कर्जं, जसं क्रेडिट कार्ड, दवाखान्याची बिलं, वैयक्तिक कर्जं, माफ होतात. चॅप्टर १३ मध्ये घर-गाडी राखून ३ ते ५ वर्षांच्या योजनेप्रमाणे दरमहा ट्रस्टीकडे पैसे भरायचे असतात. त्यासाठी नियमित उत्पन्न लागतं आणि कर्ज कायद्याने ठरवलेल्या मर्यादांच्या आत असावं लागतं. या मर्यादा दर तीन वर्षांनी बदलतात.

नागरिकत्वाची अट नाही. अमेरिकेत राहणारा, व्यवसाय करणारा किंवा तिथे मालमत्ता असणारा माणूस अर्ज करू शकतो. ग्रीन कार्ड नाही म्हणून आपल्याला हा मार्गच बंद आहे, असं समजून अनेक जण कार्डावर कार्ड फिरवत बसतात. तसं करू नका. मात्र आधी चॅप्टर ७ मध्ये कर्जमाफी मिळाली असेल, तर त्या अर्जाच्या तारखेपासून ८ वर्षं पुन्हा चॅप्टर ७ ची माफी मिळत नाही.

मुलांच्या पोटगीची थकबाकी, अलीकडचे आयकर आणि बहुतेक शैक्षणिक कर्जं या प्रक्रियेतून सहसा सुटत नाहीत. तुमच्या कर्जाचा मोठा भाग याच प्रकारचा असेल, तर अर्जानंतरही ते हप्ते अंदाजपत्रकात राहणार आहेत, हे आधीच धरून चला.

मागचे सहा महिने आणि येणारा महिना: हे दोन वेगळे हिशेब

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

पहिला हिशेब ‘मीन्स टेस्ट’चा, म्हणजे पात्रतेसाठीच्या उत्पन्न-चाचणीचा. त्यातल्या आकड्याला कायदा ‘चालू मासिक उत्पन्न’ म्हणतो, पण तो चालू महिन्याचा नसतो. अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा पूर्ण महिन्यांचं एकूण उत्पन्न, भागिले सहा. ऑक्टोबरमध्ये अर्ज केला, तर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. पगार, ओव्हरटाइम, बोनस, भाडं, छोट्या धंद्याची कमाई, घरखर्चासाठी कुणी नियमित देत असेल ती रक्कम, सगळं यात येतं. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्ती-अपंगत्व योजनेचे, पैसे येत नाहीत. ही सरासरी बाराने गुणायची आणि आपल्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाशी ताडून पाहायची. त्याहून कमी असेल, तर चॅप्टर ७ साठीची ही चाचणी इथेच पार पडते. जास्त असेल, तर दुसरा, लांबलचक फॉर्म भरावा लागतो. त्यात अन्न, कपडे, घर, वाहन यांसाठी तुमचा प्रत्यक्ष खर्च न धरता बराचसा आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) ठरवलेला प्रमाणित खर्च धरतात. चॅप्टर १३ मध्ये याच तुलनेवरून योजना ३ वर्षांची की ५ वर्षांची हे ठरतं.

समजा, ऑगस्टमध्ये नोकरी गेली. ऑक्टोबरमध्ये अर्ज केला तर एप्रिल ते जुलैचे भरलेले पगार सरासरीत बसतात आणि तुम्ही कागदोपत्री सुखवस्तू दिसता. डिसेंबरमध्ये तोच अर्ज केला तर चित्र वेगळं असतं. त्यामुळे सहा रकाने आखून प्रत्येक महिन्याचं एकूण उत्पन्न, करकपातीच्या आधीचं, मांडून ठेवा. अर्ज कोणत्या महिन्यात करायचा हे त्या कागदावरून वकिलाला चटकन दिसेल. घरावर जप्ती किंवा पगारावर टाच येऊ घातली असेल, तर अर्थात थांबता येत नाही. अर्ज दाखल होताच बहुतेक वसुलीला आपोआप स्थगिती मिळते, आणि कधीकधी तीच तातडीची गरज असते.

दुसरा हिशेब शेड्यूल आय आणि जे यांचा. तो आजचा आणि येणाऱ्या महिन्यांचा. नोकरी गेलेली असेल, तर इथे बेकारीभत्ता येईल, जुना पगार नाही. हे दोन हिशेब एकमेकांशी जुळले नाहीत तर घाबरू नका, ते जुळलेच पाहिजेत असं नाही. का जुळत नाहीत, हे मात्र तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

उत्पन्न मांडताना

पगार दर दोन आठवड्यांनी मिळत असेल, तर ‘महिन्याला दोन चेक’ हे गणित चूक आहे. वर्षात असे २६ चेक येतात. १,८०० डॉलरच्या चेकचे २६ म्हणजे ४६,८००, भागिले १२ म्हणजे महिना ३,९०० डॉलर. दुप्पट करून ३,६०० लिहिलेत, तर ३०० डॉलर लपवल्यासारखे दिसतात. हेतू तसा नसतो, पण खुलासा तुम्हालाच करावा लागतो.

नवरा-बायको एकत्र राहत असतील आणि अर्ज एकाचाच असेल, तरी दुसऱ्याचं उत्पन्न शेड्यूल आयमध्ये दाखवावं लागतं. ‘तिच्या पगाराचा याच्याशी काय संबंध’ हा प्रश्न मी फार ऐकला आहे. संबंध आहे, कारण घर दोघांच्या पैशावर चालतं. त्यामुळे अंदाजपत्रक दोघांनी एका टेबलाशी बसून करावं. कित्येक घरांत कर्जाचा खरा आकडा जोडीदाराला तेव्हाच पहिल्यांदा कळतो. अवघड संध्याकाळ असते ती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण या कामात उपयोगाची नाही.

करकपातीकडेही बघा. दरवर्षी ३,६०० डॉलरचा परतावा मिळत असेल, तर पगारातून महिन्याला ३०० डॉलर जास्त कापले जात आहेत. ट्रस्टी ते पैसे उत्पन्नात धरू शकतो.

खर्च मांडताना

मागच्या तीन, शक्य तर सहा महिन्यांची बँक आणि कार्डांची स्टेटमेंट छापून घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने प्रकार लिहा: घरभाडं किंवा हप्ता, वीज-पाणी-फोन, अन्न आणि घरसामान, मुलं सांभाळण्याचा खर्च आणि शिक्षण, कपडे, औषधपाणी, प्रवास, विमा, करमणूक, देणगी. शेड्यूल जेच्या ओळी साधारण अशाच आहेत. डोक्यातून आकडे काढू नका. आठवणीतून लिहिलेला किराण्याचा आकडा खऱ्यापेक्षा कमी निघतो, असा माझा अनुभव आहे. कमी खर्च दाखवणं आपल्याला सभ्यपणाचं वाटतं. इथे त्याचा उलटा परिणाम होतो: महिन्याअखेर ४०० डॉलर उरतात असं कागद म्हणतो, आणि मग ‘हे पैसे धनकोंना का देत नाही?’ असा रास्त प्रश्न येतो.

वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च विसरू नका. गाडीचे टायर, सहामाही विमा, दाताचं काम, शाळेची फी. वर्षाचा आकडा काढून बाराने भागा. पगारातून कापला जाणारा आरोग्यविमा शेड्यूल आयमध्ये आला असेल तर शेड्यूल जेमध्ये पुन्हा लिहू नका. पेट्रोल-दुरुस्तीची ओळ वेगळी आणि गाडीच्या हप्त्याची वेगळी. आणि ज्या कार्डांची कर्जं माफ व्हावीत म्हणून अर्ज करताय, त्यांचे किमान हप्ते खर्चात धरायचे नाहीत. गाडी परत देणार असाल, तर तिचाही हप्ता वगळा आणि त्याऐवजी बस-रेल्वेचा खर्च लिहा. शेड्यूल जे हे अर्जानंतरच्या घराचं चित्र आहे.

शेड्यूल जेच्या शेवटी एक प्रश्न असतो: येत्या वर्षभरात खर्च वाढण्या-घटण्याची शक्यता आहे का? बाळ येणार आहे, भाडेकरार संपतोय, शस्त्रक्रिया ठरली आहे, असं काही असेल तर ते इथे लिहायचं. बरेच लोक ही जागा मोकळी सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

भारतातले आई-वडील, भारतातली जमीन

दरमहा घरी पाठवले जाणारे पैसे लपवायची गरज नाही. शेड्यूल जेमध्ये सोबत न राहणाऱ्या व्यक्तींच्या आधारासाठीच्या रकमेची वेगळी ओळ आहे. मीन्स टेस्टच्या लांब फॉर्ममध्येही, स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या वृद्ध, दीर्घकाळ आजारी किंवा अपंग जवळच्या नातेवाइकासाठीचा वाजवी खर्च धरता येतो. पण पुरावा लागतो: पैसे पाठवल्याच्या पावत्या, औषधांची बिलं, रकमेतला नियमितपणा. अर्जाच्या आधीच्या महिन्यात अचानक तिप्पट रक्कम गेली असेल, तर प्रश्न येणारच.

मालमत्ता जगात कुठेही असली तरी जाहीर करावी लागते. सातबाऱ्यावर भावांसोबत तुमचं नाव असेल, आईबरोबर जोडखातं असेल, एखादा जुना प्लॉट असेल, तर ते शेड्यूल ए/बीमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या यादीत, लिहा. अर्जानंतर १८० दिवसांत वारसाहक्काने काही आलं, तर तेही कळवावं लागतं. ‘तिथलं इथे कुणाला कळतंय’ असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. खोट्या माहितीसाठी २,५०,००० डॉलरपर्यंत दंड, २० वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हे अर्जावर सहीच्या आधीच छापलेलं असतं.

भावाचे उसने पैसे ‘निदान ते तरी फेडू’ म्हणून आधी परत करण्याचा मोह होतो. अर्जाआधीच्या एका वर्षात जवळच्या नातेवाइकाला केलेली अशी परतफेड ट्रस्टी त्याच्याकडून परत मागू शकतो, म्हणजे मदत करणाऱ्या भावाच्याच दारात नोटीस. तसंच अर्जाआधीच्या ९० दिवसांत कार्डावर चैनीच्या वस्तू घेऊ नका, आणि गाडी किंवा घर कुणाच्या नावावर करू नका.

जमवायचे कागद

अर्जाआधीच्या ६० दिवसांच्या पगाराच्या पावत्या. सहा महिन्यांच्या उत्पन्नाचा पुरावा. सर्वांत अलीकडचं आयकर विवरणपत्र, जे अर्जानंतर होणाऱ्या धनकोंच्या बैठकीच्या किमान ७ दिवस आधी ट्रस्टीकडे पोचलं पाहिजे. चॅप्टर १३ साठी मागच्या ४ वर्षांची विवरणपत्रं भरलेली असावी लागतात. सगळ्या बँक खात्यांची स्टेटमेंट, घर आणि गाडीच्या कर्जाचे कागद, ४०१-के सारख्या निवृत्ती खात्यांचे कागद, कोर्टाचे समन्स किंवा वसुलीच्या नोटिसा, आणि प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता, रक्कम. यादीतून सुटलेला धनको पुढे डोकेदुखी होतो, म्हणून क्रेडिट रिपोर्ट (तुमच्या कर्जांच्या नोंदींचा अहवाल) काढून यादी पडताळा.

क्रम आणि शुल्क

अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट समुपदेशन घेणं सक्तीचं आहे. ते फोनवर किंवा ऑनलाइन होतं. त्यातही अंदाजपत्रकच तपासतात, त्यामुळे तुमचा कागद तयार असेल तर हे सत्र खरोखर उपयोगी पडतं. कधीकधी इथेच लक्षात येतं की अर्जाशिवाय भागेल. प्रमाणपत्र जपून ठेवा, ते अर्जासोबत लागतं.

मग अर्ज आपल्या भागातल्या संघीय दिवाळखोरी न्यायालयात. चॅप्टर ७ चं शुल्क ३३८ डॉलर, चॅप्टर १३ चं ३१३ डॉलर. भरण्याआधी न्यायालयाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा. हप्त्यांनी भरण्याची परवानगी मागता येते, आणि उत्पन्न संघीय दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांहून कमी असेल तर चॅप्टर ७ मध्ये शुल्कमाफीचा अर्ज करता येतो. वकिलाची फी वेगळी. वकील नसलेला ‘फॉर्म भरून देणारा’ फक्त टंकलेखन करू शकतो, सल्ला देऊ शकत नाही. शेड्यूल्स अर्जासोबत दिली नाहीत, तर सहसा १४ दिवसांत द्यावी लागतात.

चॅप्टर ७ मध्ये अर्जानंतर साधारण २१ ते ४० दिवसांत धनकोंची बैठक होते. नाव मोठं असलं तरी बहुतेक वेळा तिथे तुम्ही आणि ट्रस्टीच असता. छायाचित्राचं ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा पुरावा लागतो. शपथेवर प्रश्न विचारतात, त्यांतला एक हमखास असा असतो, की हे कागद तुम्ही सही करण्याआधी वाचलेत का आणि त्यातली माहिती खरी आहे का. जेच्या प्रत्येक ओळीचा आकडा कुठून आला, हे लिहिलेला पेन्सिलीचा कागद जवळ ठेवा. चॅप्टर १३ मध्ये अर्जानंतर ३० दिवसांच्या आत पहिला हप्ता सुरू करावा लागतो, योजना मंजूर झालेली असो वा नसो. नंतर पगार घटला किंवा खर्च वाढला, तर हप्ते चुकवत बसण्यापेक्षा लगेच वकिलाला कळवा. सुधारित शेड्यूल आय आणि शेड्यूल जे दाखल करून योजनेत बदल मागता येतो.